फडक्याआडचं बोलणं

"ते फडकं आधी काढा, मग बोला," अण्णा गुरव सरांना म्हणाले.

"फडकं नाही हो, मास्क आहे. सरकारचा आदेश आहे," गुरव सर म्हणाले. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण बोलणं अजून प्रार्थनेला उभं राहिल्यासारखंच असायचं.

"काय म्हनला?"

"सरकारचा आदेश!"

"काढा म्हनतो न्हवं. तोंडाला टोपरं बांधून बोलणाऱ्या माणसाशी मी वाद घालत न्हाई."

सरांनी इकडंतिकडं बघितलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि पुन्हा म्हणाले, "सरकारचा आदेश आहे."

मग अण्णा खुलले. "कंच्या सरकारचा? मार्चात म्हनलं, निरोगी माणसानं घालू नये. एप्रिलात म्हनलं, समद्यांनी घाला. माग बंद करायला रात्रीचे चार तास दिलं आणि चालू करायला अडीच म्हैनं लावलं. आमच्या शेडची चार पोरं चालत उत्तरेकडं गेली, त्यांस्नी कुणी इचारलं?"

"रोग नवा आहे, दगडूअण्णा. सरकारही शिकतंय."

"मग गाडीला मागं 'एल' लावा म्हनावं!"

कट्ट्यावरचे सगळे हसले. मी मात्र मान खाली घालून पुढं निघाले, कारण माझ्या दंडावर पथकाची पिवळी पट्टी होती आणि विनामास्क माणसांची नावं लिहायची वही माझ्याच पिशवीत होती. गल्लीतला सगळ्यात मोठा विनामास्क माणूस माझा बाप होता.

ही गोष्ट पाच वर्षांपूर्वीच्या जूनमधली. आमचं गाव मागाचं. दिवसभर खटाक् खटाक् आवाज नसला तर आमच्याकडची तान्ही पोरं दचकून उठतात, असं लोक थट्टेनं म्हणतात. अण्णा, म्हणजे दगडू हावळ, बुगडशेठच्या शेडमध्ये जॉबर होते. माग चालवतो तो कामगार. बिघडलेला माग दुरुस्त करतो तो जॉबर. एकाहत्तराव्या वर्षीही बारा मागांचं आजारपण त्यांच्याकडं होतं. नुसता मागाशेजारी उभा राहून दुखणं सांगणारा जॉबर म्हणून त्यांचं गावभर नाव होतं.

मी मालन, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. लग्न राहून गेलं आणि नंतर मीही मागं लागले नाही. त्याच्या दोन वर्षं आधी आई गेली होती, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. शाळा बंद पडल्या आणि आम्हा शिक्षकांना पथकांत घातलं. बंद केलेल्या गल्ल्यांमधून घरोघर ताप मोजत हिंडायचं आणि दुपारनंतर कारखाने तपासायचे.

अण्णांना कापसाच्या तुसाचा जुना दमा. मी दिवसभर कुठं कुठं जाऊन यायची. म्हणून पहिल्याच दिवशी घरी आल्यावर मी ठरवून टाकलं, घरातही मास्क काढायचा नाही. जेवणं वेगळी, मी माजघरात, अण्णा बाहेरच्या सोप्यात.

"घरात तरी काढ की ते," अण्णा म्हणाले.

मास्कमधूनच मी सांगितलं, "तुमच्यासाठीच घालतेय."

"काढ म्हनतो."

मी जोरात मान हलवली. अण्णा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग नको बोलूस माझ्याशी."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. मीही त्यांचीच मुलगी. त्यानंतर आमच्या घरात अबोला धरला गेला. धरला तो अण्णांनी, असं मी समजत होते. मी रोज उंबऱ्यावर ताट ठेवायची, भांडी घासायला वळायची आणि वळता वळता विचारायची, "अण्णा, जेवलात का?" उत्तर नाही. "गोळी घेतली?" उत्तर नाही. टीव्ही तेवढा चालू असायचा, आवाज बंद करून. तो तसाच लावायची त्यांची सवय जुनी होती. 'आवाज कशाला पायजे, समदी तेच बोलत्यात,' असं म्हणायचे. फोन वाजला की माझ्याकडं सरकवायचे. 'फोनवर माणूस कळत न्हाई' हे त्यांचं ठरलेलं. हेकट माणसाच्या शंभर सवयी असतात, त्यात आणखी एक, असं मी धरून चालले होते.

एका बाजूला कट्ट्यावर भाषणं आणि दुसऱ्या बाजूला घरात मौनव्रत! मला वाटायचं, हा माणूस सरकारवरचा राग माझ्यावर काढतोय.

आमच्या पथकाचे प्रमुख लोंढे साहेब होते, आरोग्य खात्यातले. जूनच्या मध्याला त्यांनी बुगडशेठच्या शेडला पहिली ताकीद दिली होती. त्या दिवशी मी दुसऱ्या गल्लीत होते. शेडमध्ये एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता म्हणे. सगळ्यांचे हनुवटीला.

"मॅडम, आज तुमच्या वडिलांच्या कारखान्यात जायचंय," एका दुपारी ते म्हणाले. "पुन्हा तसंच दिसलं तर सील करणार. पंधरा दिवस. तुम्हाला नको असेल तर तुम्ही थांबा."

"सील केलं तर बुगडशेठ उठत नाहीत साहेब. अडीच महिन्यांनी आत्ता कुठं माग लागलेत. बारा मागांवर नऊ घरं आहेत."

"माझ्याकडं रोज सकाळी गेलेल्यांची यादी येते," लोंढे म्हणाले. "आज सात नावं होती. त्यात माझा सख्खा मेव्हणा होता. मला आता वाद नकोत, मॅडम. मला फक्त नाकावर मास्क पाहिजे."

मी येते म्हणाले. खरं सांगायचं तर मनात असंही होतं की होऊ दे एकदा. माझं न ऐकणारा माणूस सरकारचं तरी ऐकेल.

शेडच्या दारात पाऊल टाकलं आणि मला माझं लहानपण आठवलं. आई इथंच धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि मी तिच्या पायाशी बसून पाटीवर बाराखडी गिरवायची. बारा माग एकदम चालू असले की कानात बोट घातलं तरी आवाज हाडातून आत येतो. तिथं ओरडून उपयोग नसतो. म्हणून मागवाले मुकं बोलतात. आवाज न काढता ओठ मोठे हलवायचे, भुवया वापरायच्या, समोरच्यानं ओठांवरून उचलायचं. आई दहा माग ओलांडून अण्णांना विचारायची, 'चहा घेणार का?' आणि अण्णा तिकडून सांगायचे, 'साखर कमी.' आमच्या घरीसुद्धा सगळे असंच तोंड भरून, समोर बघून बोलत. त्यात काही वेगळं आहे हे मला डीएडला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

आम्ही आत शिरताच दारापाशी कांड्या भरत बसलेल्या शेवंतामावशीनं हात वर केला. एकामागून एक हनुवटीवरचे मास्क नाकावर चढले. लोंढे साहेबांनी समाधानानं मान हलवली.

अण्णा शेडच्या मध्यावर, सात नंबरच्या मागापाशी वाकले होते. तोंड उघडंच. त्यांचा डावा तळवा मागाच्या लोखंडी अंगावर टेकलेला होता आणि उजवा हात धोट्याच्या पेटीत कोपरापर्यंत होता. धोटा म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं धावणारी लाकडी नाव. माग सुरू झाला की पेटीतून ती अशा फटक्यानं सुटते की हात आडवा आला तर बोटं राहत नाहीत. माग सुरू करायच्या दांड्याजवळ दिलावर मुजावर उभा होता. तो माग त्याचा.

अण्णांनी हात बाहेर काढला, पुसला आणि सहज वर बघितलं. मी त्यांना दिसले.

बावीस दिवसांत आमची अशी समोरासमोर नजरानजर झाली नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. हळूच, 'आलीस व्हय?' अशी.

आणि मी बघितलं की नेमक्या त्याच क्षणी दिलावरचा मास्क हलला होता, त्यानं आतून काहीतरी विचारलं होतं. 'लावू का?' एवढंच असणार. अण्णांची मान हललेली त्याला दिसली. त्यानं दांड्याला हात घातला. अण्णा पुन्हा वाकले आणि त्यांचा हात पेटीकडं निघाला.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

पुढचं मी विचार करून केलं नाही. मास्क खाली ओढला आणि दोन्ही हात डोक्यावर उडवले. अण्णांची नजर वळली, थेट माझ्या तोंडावर. मी आवाज न काढता, आई बोलायची तशी, सगळं तोंड उघडून म्हणाले, "हात!"

त्यांनी हात मागं खेचला आणि धोटा सुटला. खटाक्! पेटीची कड त्यांच्या बाहीला घासून गेली.

बुगडशेठनं धावत जाऊन विजेची मेन पाडली. बारा माग एकेक करून थांबले. अशी शांतता त्या शेडमध्ये दिवसा कधी पडत नाही. दिलावर जमिनीवर बसला होता.

"मी इचारलं वो," तो म्हणत होता. "अण्णांनी मान हलवली. मी इचारलं."

लोंढे साहेब अण्णांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "आजोबा, तुमचा मास्क कुठाय?"

अण्णा बाहीचा फाटका काठ बघत होते.

"आजोबा, मी तुमच्याशी बोलतोय!"

अण्णांनी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. लोंढे माझ्याकडं वळले. "लिहा मॅडम. मास्क नाही, वर उद्धटपणा. करा सील."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी तरातरा अण्णांच्या पाठीमागं गेले आणि दोन हातांवरून म्हणाले, "अण्णा."

ते वळले नाहीत.

"अण्णा!"

एवढ्या शांततेत माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. शेवंतामावशीनं पदर तोंडाला लावला. कामगारांनी माना खाली घातल्या. अण्णा मात्र आपली बाही चाचपत तसेच उभे होते.

"ताई," दिलावर खालूनच म्हणाला, "म्होरं या. म्होरं येऊन बोला."

मी त्याच्याकडं बघत राहिले.

"तुमास्नी ठावं न्हाई?" तो म्हणाला. "पंधरा वर्सं झाली की. समद्या शेडला ठावं हाय."

बुगडशेठ पुढं आले. "मालन, आम्हाला वाटलं घरात माहीत असंल. तुझ्या आईला होतं. जॉबरचा धंदा कानाचा. कान गेला म्हटलं की दुसऱ्या दिवशी कुणी उभं करत नाही. पण ह्या माणसानं तळव्यानं माग ऐकायला शिकून घेतलं. माझ्या कानाला कळत नाही ते त्यांच्या हाताला कळतं. मग आम्ही कशाला बोभाटा करू?"

मी फिरून अण्णांच्या समोर गेले. दोन हात लांब उभी राहिले. मास्क हनुवटीवरच होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो तिथं बरोबर वाटला.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं. मग सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. लपवायचं काही उरलं नव्हतं.

"येत न्हाई," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

ते खरं होतं. मी बसवलंच असतं.

"साहेब," अण्णा लोंढ्यांकडं वळले, "माझं फडक्याशी भांडान न्हाई. ह्ये बगा." त्यांनी खिशातून मास्क काढला. घडी न मोडलेला, मीच दिलेला. "मी घालतो की. माझ्या तोंडाकडं बघून कुणाला काय कळायचंय? पर ह्या समद्यांनी तोंडं झाकली, तर मी बघू कुठं? मला वाटलं, आपुन घातलं न्हाई तर ह्येबी घालायचे न्हाईत. आजवर मी निम्मा बहिरा हुतो, साहेब. तुमी मला पुरता केलासा."

लोंढे साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा. माझा मेव्हणा चव्वेचाळीस वर्षांचा होता. पण मास्क सुटणार नाही. तेवढं सोडून काय सांगाल ते ऐकतो."

मी ते ओठांनी अण्णांना सांगितलं. मेव्हण्याचं ऐकून, म्हणजे बघून, अण्णांनी हात जोडले. मग त्यांनी मास्क तोंडाला बांधला. नाकावर नीट दाबून बसवला. तिथं उभे असलेल्यांत तो सगळ्यात नीट बसलेला होता, असं लोंढ्यांनीच नंतर मला सांगितलं.

आणि मग मास्कमधून अण्णांचा आवाज आला, "शेवंते, तांबडं फडकं दे एक."

शेवंतामावशीनं चिंध्यांच्या ढिगातून लाल पट्टी ओढून दिली. अण्णांनी ती सात नंबरच्या दांड्याला गाठ मारून बांधली.

"ह्ये मी बांधणार," ते म्हणाले. "सोडणारबी मीच. ह्ये हाय तोवर कुणी मागाला हात लावायचा न्हाई. मान हलू दे, न्हाईतर मुंडी तुटू दे. बोलायची गरजच न्हाई."

दिलावर उठला. त्यानं ती गाठ ओढून बघितली आणि पक्की आहे म्हणून मान डोलावली. मग डोळे पुसले.

वहीत मी लिहिलं, 'सर्व कामगार मास्कसह. काम समाधानकारक.' लोंढे साहेबांनी सही केली आणि जाता जाता त्या लाल पट्टीचा फोटो काढून घेतला. पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या पाच-सहा शेडमध्ये दांड्यांना तांबडी फडकी दिसायला लागली. बुगडशेठची शेड चालूच राहिली. अण्णांनी त्यानंतर आणखी तीन वर्षं तिथं काम केलं, दहाच्या दहा बोटांनिशी.

कट्ट्यावरचा वादही थांबला नाही. गुरव सर पाटी-पेन्सिल घेऊन यायला लागले. सुवाच्य अक्षरात 'शासनाचे धोरण' एवढं लिहून होईपर्यंत अण्णांचे चार मुद्दे मांडून झालेले असायचे. सर पाटी पुसायचे आणि चिडून पुन्हा लिहायला घ्यायचे. अण्णा मास्क लावून सरकारला बोल लावायचे. 'मास्क बरा हाय, सरकार न्हाई,' असा त्यांचा शेवटचा निकाल होता. पुढं मी कोल्हापूरला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि म्हणाले, "लई गोंगाट हाय गं जगात." आता ते कपाटात असतं.

पण त्या दिवशीच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

मी शेडमधून आधी घरी आले. आंघोळ केली आणि शाळेच्या पिशवीतून एक पाटी काढली. तीन आठवडे मी पाठमोरी, मास्कमधून बोलत होते आणि उत्तर आलं नाही म्हणून मनातल्या मनात त्या माणसाला नावं ठेवत होते. पंधरा वर्षं एका घरात राहून मला कळलं नव्हतं. पोरांचे कान फुटलेत का हे बघायला मी वर्गात मागून चुटकी वाजवून बघते, आणि बापाच्या मागं कधी उभीसुद्धा राहिले नव्हते.

अण्णा आले, हातपाय धुतले, सोप्यात बसले. मी उंबऱ्यावर ताट ठेवलं. जेवून त्यांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा मी मास्क लावूनच समोर उभी राहिले आणि पाटी वर धरली.

'अण्णा, जेवलात का?'

त्यांनी चष्मा चढवला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"जेवलो," ते म्हणाले. आणि मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "बावीस दिसांनी इचारलंस."

ते दिवस मोजत होते. मी अबोला धरलाय, असं तेही समजत होते. मी उघड्या तोंडानं त्यांच्याशी बोलायचं सोडलं ते विनामास्क बापाची लाज वाटली म्हणून, असं त्या माणसानं बावीस दिवस मनात धरलं होतं आणि तरी उंबऱ्यावरचं ताट रोज चाटूनपुसून परत दिलं होतं.

मी पाटी पुसली नाही. त्याच ओळीखाली लिहिलं आणि पुन्हा वर धरली.

'रोज विचारत होते.'

अण्णांनी हात पुढं केला. मी पाटी उंबऱ्यावर ठेवून मागं सरकले. त्यांनी ती उचलली, मांडीवर घेतली आणि मागाच्या अंगावर टेकवायचे तसा डावा तळवा त्या अक्षरांशेजारी टेकवून बसून राहिले. मला आणखी पुष्कळ लिहायचं होतं. मी पाटी परत मागितली, खुणेनं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून दुसरी पाटी आणली.